रिपोर्टातली मधली ओळ

सीटी स्कॅनचा रिपोर्ट आक्कांच्या हातात पडण्याआधी गावभर झाला होता. चाकणच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या पुतण्याच्या मोबाइलवर तो आधी गेला. त्याने तीन पानं भराभर वर सरकवली आणि तळाची ओळ वाचली : मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाला सात सेंटिमीटरची गाठ, आजूबाजूला पसरलेली, कॅन्सरचा दाट संशय. तेवढीच ओळ मराठीत करून त्याने घरच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेल्या दादांना, म्हणजे आक्कांच्या मालकांना, ती बातमी भलत्याच माणसाच्या तोंडून कळली.

गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. ऊस, हळद, दारात दोन म्हशी. आक्का पन्नाशीच्या. थोरली मुलगी इचलकरंजीला दिलेली, धाकटीचं जमलेलं, लग्न दिवाळीनंतर. सहा-सात महिन्यांपासून आक्कांना डाव्या ओटीपोटात दुखायचं. पोट साफ व्हायचं नाही. संध्याकाळ झाली की अंगात कणकण यायची आणि सकाळी उतरायची, म्हणून त्या कुणाला सांगायच्या नाहीत. भांगलणीला वाकता येईना तेव्हा दादा त्यांना तालुक्याला घेऊन गेले. वजन 58 किलोवरून 47 वर आलं होतं आणि हिमोग्लोबिन 8.

तालुक्याच्या डॉक्टरांनी हात ठेवला तर पोटात टणक गाठ लागली. त्यांनी दुर्बिणीची तपासणी केली. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण तीस सेंटिमीटरवर अडली, कारण तिथं आतडं दबून अरुंद झालं होतं. आतलं अस्तर सुजलेलं आणि लालसर होतं, पण अखंड होतं. त्यातला तुकडा तपासायला पाठवला, तर उत्तर आलं : नुसती सूज, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "गाठ खोलवर असणार, तुकडा वरवरचा आला असणार. ऑपरेशनची तयारी ठेवा. आतड्याचा तो भाग, गर्भाशय, सगळं काढावं लागेल. पोटावर पिशवी लावावी लागेल."

त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. पन्नाशीचं माणूस, उतरलेलं वजन, घटलेलं रक्त, अरुंद झालेलं आतडं आणि हाताला लागणारी गाठ. अशा वेळी ज्याच्या मनात कॅन्सर आधी येणार नाही, तो डॉक्टरच नव्हे. वरवरचा तुकडा फसवतो, हेही खरं आहे. पण तो तुकडा एक प्रश्न घेऊन परत आला होता. अस्तर अखंड का? रोज संध्याकाळी ताप कशाचा? त्या प्रश्नांना कुणी बसायला पाट दिला नाही.

घरात तर निकालच लागला होता. दिवाळीनंतरचं लग्न पंधरा दिवसांवर ओढायचं ठरलं, आईच्या डोळ्यांदेखत लेकीच्या अंगावर अक्षता पडाव्यात म्हणून. धाकटे दीर सातबाऱ्याचा उतारा घेऊन आले. आक्कांच्या नावावरचा माहेरचा वीस गुंठ्यांचा तुकडा पुढे कुणाच्या नावावर करायचा, याची चर्चा सोप्यात झाली आणि आक्का आत चुलीपुढे बसून ऐकत होत्या. भेटायला येणाऱ्या बायका पदराने डोळे पुसायच्या. "खाऊ वाटंल ते खावा आता," असं सांगून जायच्या. आपल्याकडची ही रीत मला क्रूर वाटते. आजाराचं नाव एकदा ठरलं, की आजारी माणसाला काही विचारणं बंद होतं. त्या पंधरवड्यात आक्कांना कुणीही एक प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं.

ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं. मिरज हे आमच्या भागातलं डॉक्टरांचं गाव. 1894 साली डॉ. वानलेस यांनी तिथं मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून कर्नाटकातले लोकही गाठोडी बांधून येतात. एका ओळखीच्या माणसाने एका सर्जन मॅडमचं नाव सुचवलं. दादा, आक्का आणि थोरला जावई, तिघे गेले.

मॅडमनी फाइल घेतली आणि जावयाला म्हणाल्या, "सांगू नका काय आहे ते. मला वाचू द्या." मग त्या पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. हातात पेन्सिल. यकृत, ओळीखाली टिंब. पित्ताशय, टिंब. दोन्ही मूत्रपिंडं, टिंब. बाहेर वीस माणसं थांबलेली असताना त्या एकेक ओळ अशी पार करत होत्या की जावयाची चुळबुळ सुरू झाली. दुसऱ्या पानाच्या मधोमध पेन्सिल थांबली. तिथं टिंब पडलं नाही. त्यांनी पाकिटातून फिल्म काढली, दिव्याच्या पेटीवर लावली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ गेल्या. कमरेच्या हाडांच्या मधोमध एक बारीक, पांढरीशुभ्र, काटकोनी रेघ होती.

"दादा," त्या म्हणाल्या, "खाली लॅबमध्ये जुने रक्ताचे रिपोर्ट तेवढे दाखवून या. जावईबापू, तुम्हीही जा त्यांच्याबरोबर."

दार लोटलं गेल्यावर त्यांनी खुर्ची आक्कांच्या जवळ ओढली. "आक्का, तांबी कधी बसवली होती?"

आक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"चोवीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "मालकांस्नी ठावं न्हाई."

1994 सालची गोष्ट. दोन मुलींवर आक्का थांबायला तयार होत्या. दुसऱ्या बाळंतपणात रक्त इतकं गेलं होतं की पुन्हा त्या वाटेला जायची त्यांची हिंमत नव्हती. पण सासूबाईंना नातू हवा होता. धाकटीला डोस पाजायला उपकेंद्रावर गेल्या असताना त्यांनी नर्सबाईंना हळूच विचारलं, आणि नर्सबाईंनी त्याच दुपारी तांबी, म्हणजे गर्भाशयात ठेवायची कॉपर-टी, बसवली. काही वर्षांनी काढून घ्यायची, असंही त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या वर्षी नर्सबाईंची बदली झाली. नव्या बाईंना विचारायचं तर उपकेंद्राच्या ओट्यावर भावकीतल्या चारजणी बसलेल्या. इकडे दिवस राहीनात म्हणून सासूबाईंनी देवऋषी केले, नवस बोलले, अनवाणी जोतिबाचा डोंगर चढायला लावला. आक्का डोंगर चढल्या, पण बोलल्या नाहीत. मग सासूबाई गेल्या, मुली मोठ्या झाल्या, पाळी गेली, आणि पोटात काही आहे हे त्या स्वतःच विसरून गेल्या. तालुक्याला डॉक्टरांनी विचारलं होतं, "कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय?" शेजारी उभ्या असलेल्या दादांनी उत्तर दिलं होतं, "न्हाई." ते खरंच होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "ही गोष्ट तुमची आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून दादांना ती कळणार नाही. पण तांबी आजच काढायला हवी. काय सांगायचं आणि सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि मला त्यातला खरेपणा फार मोलाचा वाटतो. "मला अजून कॅन्सरचीच भीती जास्त आहे. खोटा धीर देणार नाही. पण तांबी इतकी वर्षं आत राहिली की एक जंतू तिच्या आधाराने ओटीपोटात घर करू शकतो, आणि त्याची गाठ हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. तो निघाला तर ऑपरेशन नको, नुसत्या औषधाने बऱ्या व्हाल. तेव्हा गाठीच्या पोटातला तुकडा मिळेपर्यंत मी सुरी उचलणार नाही."

तांबी निघाली. गंजल्यासारखी काळी पडलेली, एक दोरा तुटलेला. तीही बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवली.

दवाखान्याच्या आवारात दादा शेंगदाण्याची पुडी घेऊन बसले होते. आक्कांनी तिथंच त्यांना सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. दादा बराच वेळ पुडीकडे बघत राहिले. "मग आईनं तुला डोंगर चढाय लावला त्यो?" त्यांनी विचारलं. "चढले की," आक्का म्हणाल्या. "मला का न्हाई सांगितलंस?" "तुमी आत्याबाईंस्नी सांगितलं असतं." दादांना यावर खोटं बोलता आलं नाही. त्यांनी पुडी आक्कांच्या हातात दिली आणि सरकून ओट्यावर जागा केली.

हा जंतू म्हणजे ॲक्टिनोमायसीस. तो बाहेरून येत नाही. आपल्या तोंडात, दातांवरच्या किटणात, आतड्यात आणि बायकांच्या जननमार्गात तो जन्मभर राहतो आणि कुणाला त्रास देत नाही. अस्तर शाबूत आहे तोवर त्याला आत वाट नसते. अपेंडिक्स फुटलं, पोटाचं ऑपरेशन झालं, गिळलेला माशाचा काटा आतड्याच्या भिंतीत रुतला, किंवा तांबी वर्षानुवर्षं विसरली गेली, की त्याला वाट मिळते. जिथं प्राणवायू नाही तिथं तो वाढतो, आणि वाढतो फार हळू. बाकीचे बहुतेक जंतू अवयवांच्या सीमेवर थबकतात. हा थबकत नाही. गर्भाशयातून आतड्याच्या भिंतीत, तिथून मूत्राशयापर्यंत, सगळं एकत्र चिकटवत, चट्टा-पू-चट्टा असं कठीण मांस तयार करत तो पुढे जातो. म्हणून तो स्कॅनवर पसरलेल्या कॅन्सरसारखा दिसतो. पेट स्कॅनवरही तो चमकतो. आणि तो आतड्यात बाहेरच्या बाजूने शिरतो, त्यामुळे आतलं अस्तर बहुधा शाबूत राहतं आणि दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही. आक्कांचा पहिला तुकडा खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीच्या जागी होता.

आजार दुर्मीळ आहे, म्हणूनच तो डोक्यात येत नाही. पोटातल्या या आजाराचं निदान ऑपरेशनच्या आधी दहातल्या एखाद्याच रुग्णात होतं. बाकीच्यांना ते कळतं मोठं ऑपरेशन होऊन गेल्यावर, काढलेला भाग प्रयोगशाळेत कापला जातो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीवर बघत बघत गाठीत जाड सुई घातली. मांसाच्या दोन बारीक काड्या आल्या आणि थोडा दाट पू. मॅडमनी बाटलीवर नुसतं नाव लिहून ती पाठवली नाही. स्वतः फोन केला. "जुनी तांबी आहे. ॲक्टिनोमायसीसचा संशय आहे. प्राणवायूशिवायचं कल्चर लावा आणि लवकर फेकू नका." हे सांगावं लागतं. साधं कल्चर दोन दिवसांत बघून टाकून देतात. या जंतूला उगवायला दोन-दोन आठवडे लागतात, आणि आधी कुठलं प्रतिजैविक पोटात गेलं असेल तर तो उगवतही नाही.

पॅथॉलॉजीचे डॉक्टर साठीच्या पुढचे होते. त्यांनी पू काचेवर पसरला आणि दिव्याखाली तिरका धरला. पिवळसर दाणे दिसले, खसखशीएवढे, तीन. एक दाणा दोन काचांमध्ये दाबून फोडला, ग्रॅमचा रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे बारीक धागे, फाटे फुटलेले, एकमेकांत गुंतलेले. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. मांसाच्या काडीच्या पहिल्या कापात नुसती सूज होती. त्यांनी मेणाच्या ठोकळ्यातून आणखी खोलवरचे काप घ्यायला लावले. अकराव्या कापात जंतूंची वसाहत सापडली : मधे गर्द निळा गठ्ठा आणि कडेने गुलाबी किरणांची झालर. कॅन्सरच्या पेशी सगळ्या कापांत शोधल्या. नव्हत्या. क्षयाचा जंतू शोधला, त्याची जनुकीय चाचणीही केली. तोही नव्हता. आपल्या देशात हे शोधल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. इथं आतड्याचा क्षय या जंतूपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, तोही गाठ करून कॅन्सरचं सोंग घेतो, आणि त्याची औषधं वेगळी असतात.

काच शांतपणे पुन्हा पुन्हा बघणारी ही माणसं रुग्णाला कधी भेटत नाहीत. त्यांच्या नावाने कुणी पेढे वाटत नाही. आक्कांचं आतडं, गर्भाशय आणि पुढचं सगळं आयुष्य त्या अकराव्या कापावर उभं होतं.

औषध साधंच निघालं : पेनिसिलिन. जगातल्या सगळ्यात जुन्या प्रतिजैविकांपैकी एक, पण मात्रा अवाढव्य. टेस्ट डोस देऊन झाल्यावर दर चार तासांनी शिरेतून 40 लाख युनिट, म्हणजे दिवसाला 2 कोटी 40 लाख. असं चार आठवडे. त्यानंतर अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या, जवळजवळ वर्षभर. गाठीतल्या कठीण चट्ट्यांमध्ये रक्त नीट पोचत नाही, म्हणून औषध इतकं जास्त आणि इतके दिवस द्यावं लागतं. बरं वाटतंय म्हणून मधे सोडलं तर गाठ परत येते. मॅडमनी ऑपरेशनचा दरवाजा बंद केला नव्हता. "पोट फुगलं, संडास आणि वारा दोन्ही बंद झालं, तर रात्री दोनलाही यायचं," असं त्यांनी दादांना दोनदा बजावलं.

इतक्या कुप्या एका दुकानात मिळेनात. नव्या महागड्या औषधांच्या गर्दीत या स्वस्त इंजेक्शनला फडताळात जागा उरली नव्हती. आक्कांचे थोरले भाऊ पिंपरीच्या एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, कंपनीतून निवृत्त झालेले. पेनिसिलिनचं नाव ऐकताच म्हातारा ताठ झाला. 1954 साली स्थापन झालेल्या त्या सरकारी कारखान्याने सगळ्यात आधी काढलेलं औषध हेच. भाऊंनी जुन्या ओळखी काढून, तीन शहरांत फोन करून कुप्या जमवल्या आणि एसटीने स्वतः मिरजेला आणून दिल्या.

गावात मात्र नवंच सुरू झालं. कॅन्सर नाही म्हटल्यावर लोकांना हायसं वाटायला हवं होतं. पण कुणीतरी मोबाइलवर शोधलं आणि आरोळी उठली, की हा बैलाच्या जबड्याचा रोग आहे. म्हशींचं दूध डेअरीवर घ्यायचं का, इथपर्यंत बोलणं गेलं. तेव्हा निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर आपण होऊन दादांच्या सोप्यात येऊन बसले आणि जमलेल्यांना त्यांनी समजावलं. जबड्याला टणक गाठ येऊन ती फुटते तो बैलांचा आजार त्यांनी नोकरीत पाहिला होता. काटेरी चारा तोंडात टोचतो आणि तोंडातलाच जंतू हाडात शिरतो. 1877 साली जर्मनीत बोलिंजर नावाच्या शास्त्रज्ञाने तो गुरांच्या जबड्यात दाखवला आणि पुढच्याच वर्षी बर्लिनच्या जेम्स इस्रायल या सर्जनने माणसांतला तसाच आजार मांडला. "पण जात वेगळी," डॉक्टर म्हणाले. "बैलाचा बैलाकडं, माणसाचा माणसाकडं. आक्कांचा जंतू आक्कांच्याच अंगातला. तो म्हशीकडून आला नाही आणि तुमच्याकडं येणार नाही. त्यांच्या हातचा चहा घ्या." आणि त्यांनी स्वतः तो मागून घेतला.

सहा आठवड्यांनी सीटी काढला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. तीन महिन्यांनी दुर्बीण न अडता मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत गेली. लग्न दिवाळीनंतरच झालं, आणि आक्का मांडवात उभ्या राहून वाढत होत्या. वीस गुंठ्यांचा विषय दिरांनी पुन्हा काढला नाही. तो आक्कांनीच काढला. जमीन दोन्ही मुलींच्या नावावर करायची म्हणून त्या स्वतः तलाठ्याकडे गेल्या.

तांबीचा राग त्यांच्या मनात नव्हता, आणि तो कुणी धरूही नये. लाखो बायकांना तिने नको असलेल्या बाळंतपणांतून सोडवलं आहे, आक्कांनाही सोडवलं. बसवून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा आजार होतो. चूक असते ती विसरण्यात, आणि विसरायला लावणाऱ्या लाजेत. आक्का आशाताईंबरोबर घरोघर जायला लागल्या. आशाताई वहीत नाव लिहायच्या आणि आक्का थेट विचारायच्या, "तांबी हाय का? कवा बसवलीया?" सून उत्तर देताना सासू दारात असली तर आक्का सासूलाच पाणी आणायला आत पाठवायच्या. ही युक्ती त्या मिरजेत शिकल्या होत्या. मुदत उलटून गेलेल्या पाचजणी पहिल्याच आळीत सापडल्या.

आणि मग हळदीच्या अडत्याचं प्रकरण झालं. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, कारण गावाने आक्कांकडून जे घेतलं ते भलतंच होतं.

अडत्या साठी उलटलेला. वर्षभर संडासवाटे रक्त जात होतं. मूळव्याध समजून तो एका वैद्याची चूर्णं घेत होता. शेवटी चक्कर येऊन पडला तेव्हा मुलांनी दुर्बीण करायला लावली. आतड्यात गाठ दिसली. डॉक्टर तुकडा काढू म्हणाले तर हा टेबलावरून उठून बसला. "तुकडा काढला की पसरतंय," असं त्याला कुणी सांगितलं होतं. आणि दुसरं म्हणजे गावात दाखला होताच. "आक्कांस्नीबी कॅन्सरच म्हनलं हुतं. काय झालं? इंजेक्शनानं गेलं का न्हाई? मलाबी तीच इंजेक्शनं द्या." गावातला एक कंपाउंडर ती टोचायलाही तयार झाला होता. अडत्याच्या घरी माणसं जमून त्याला दुजोरा देत होती, तीच माणसं जी वर्षभरापूर्वी आक्कांच्या सोप्यात डोळे पुसत होती. तेव्हा त्यांना खात्री होती की कॅन्सरच आहे. आता त्यांना खात्री होती की नाही.

आक्का तिथं गेल्या. माणसांना ओलांडून सरळ कॉटपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, तुमाला ताप येतोय का?"

"न्हाई."

"मला रोज यायचा. माझं रक्त संडासातनं जात न्हवतं, तुमचं जातंय. माझ्या आतड्याचं अस्तर चांगलं हुतं, तुमची गाठ आतनंच दिसलीया. मग माझी इंजेक्शनं तुमी कशी घेताय?"

अडत्या गप्प झाला. कुणीतरी म्हणालं, "पण आक्का, तुमचंबी डाक्टर चुकलंच हुतं की."

"मॅडम म्हनल्या हुत्या मला कॅन्सरच वाटतोय," आक्का म्हणाल्या. "तरीबी त्यांनी तुकडा काढला. मी इंजेक्शनानं बरी झाले न्हाई. मी तुकड्यानं बरी झाले. तुकडा काढला न्हाई तर तुमचं काय हाय ते तुमालाबी कळनार न्हाई, मलाबी कळनार न्हाई, आणि ह्या बसलेल्या मानसांस्नी तर न्हाईच न्हाई. आनि तुकड्यानं पसरतंय म्हंता, तर मॅडमला इचारा. मी येते संगं."

त्या गेल्याही. मॅडमनी त्याला सांगितलं, की आतड्यातून असा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. न काढता दिवस घालवले तर मात्र तो आपल्या पायाने पसरतो.

अडत्याच्या तुकड्यात कॅन्सर निघाला. त्याच आठवड्यात सीटी झाला. यकृतात, फुप्फुसात काही नव्हतं. दहा दिवसांत ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या रिपोर्टात गाठ आतड्याच्या भिंतीतच होती आणि लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. इतक्या आधी सापडला की या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण बरे होतात. केमोची गरज पडली नाही, पिशवीही लागली नाही. तीन महिन्यांत अडत्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा राहिला.

मॅडमनी त्याच्या मुलांनाही बोलावून घेतलं होतं. बापाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुलांनी चाळिशीला, त्रास असो वा नसो, दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची, असं त्यांनी सांगितलं. थोरल्याने चाळिसावं लागलं त्याच महिन्यात ती करून घेतली. आतड्यात एक छोटा पॉलिप सापडला आणि त्याच बैठकीत काढून टाकला. त्याचाही तुकडा तपासायला गेला.